राखेवरचं दार

दार वाजलं तेव्हा अस्मिता केसांना तेल लावून बसली होती, आणि तेल चोपडलेल्या डोक्यानं कुणाच्या नजरेला पडू नये एवढीच तिची आयुष्याकडून माफक अपेक्षा होती. तरी उठली. दारात एक तरुण उभा. कमरेपर्यंत राखाडी, कमरेच्या वर माणसासारखा. कुणी अर्धा रंगवून सोडून दिल्यासारखा.

"कोणाले भेटाचं हाय?"

"कोणालेच नाई." त्यानं दाराच्या फळीवरून हात फिरवला. "दार पाहिजे."

"काय?"

"हे दार, मॅडम. बिजागऱ्यातून काढून. सागवानी हाय न? मस्त रुंद हाय. परत आणून देतो."

"इथं मॅडम कोणी नाई. मी हाय, माय हाय अन् म्हैस हाय." अस्मितानं चौकटीला हात लावून वाट अडवली. "अन् भाऊ, दार चोरणारे विचारत नसतात."

"म्हणून तर विचारून राहिलो."

तो हसला, आणि हसू लगेच विझलं. "तुमच्या गावामागच्या राखेच्या बंधाऱ्यात रोही फसली हाय. सकाळपासून. पाठीपर्यंत गेली आता."

अस्मिताच्या हातातली तेलाची वाटी कलली. शहरातले जिला नीलगाय म्हणतात, ती रोही. सावनेरकडच्या रानातून उन्हाळ्यात खाली उतरते. गावामागं वीजकेंद्राची राख पाण्यातून वाहून आणून सोडतात. वरून ती वाळून जमिनीसारखी दिसते, मधे कुठं पाणी चमकतं, आणि तहानलेलं जनावर तळं समजून चालत जातं. वरचा पापुद्रा फुटतो. खाली चिखल. तळ कुठं आहे ते कुणाला माहीत नाही.

म्हणजे, एका माणसाला कळलं असेल. तीन वर्षांपूर्वी त्यांची म्हैस अशीच शिरली, आणि अस्मिताचे बाबा दोर घेऊन तिच्या मागं गेले. म्हैस निघाली. आजही अंगणात उभी राहून रवंथ करते, दोन्ही वेळ दूध देते. कौशल्याबाई, अस्मिताची आई, ते दूध विकायची. पण स्वतः त्याचा थेंब तोंडात घेत नसे. तेव्हापासून घरात काळा चहा. म्हैसही विकत नव्हती. काहून, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

"कोण हाय वं?" कौशल्याबाई आतून आली. त्या तरुणाच्या पायांवरची राख तिनं पाहिली, आणि बराच वेळ पाहत राहिली. ती राख तिच्या ओळखीची होती.

"माणूस फसला का गा?"

"नाई मावशी. रोही. राखेवर पाय टिकत नाई, म्हणून दारं अन् खाटा अंथरून, त्यावर पालथं पडून जायचं हाय."

"काढ," ती म्हणाली. "खाट बी ने. पण माणूस नको फसू देऊ." आणि म्हशीकडे तोंड करून ओट्यावर बसली.

दार निघालं. त्याचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं अस्मितानं.

"तुम्ही कुठं?"

"दार माझ्या घरचं हाय. एकटं नाई पाठवत मी त्याले."

"तिथं काय हाय, माहीत हाय न?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

त्यानं आपलं टोक उचललं. पांदीच्या अरुंद वाटेनं दार पुढं सरकू लागलं, दोघांच्या मधे आडवं, आणि बोलणं त्याच्यावरून ये-जा करू लागलं. त्याचं नाव धम्मदीप. राहायला नागपुरात इंदोऱ्याला, काम जखमी जनावरांच्या केंद्रात. साप, माकडं, तारेत अडकलेले बगळे… आणि माणसं? "माणसं आपलीआपली अडकतात," तो म्हणाला. "ते आपल्या खात्यात नाई."

बंधाऱ्याच्या काठावर वनरक्षक रविंद्र दोरांची भेंडोळी घेऊन उभा होता, सोबत गावातले पाच-सहा जण. रविंद्र माणूस दिलदार, पण पोट त्याहून दिलदार. आत जायला निघाला तो दुसऱ्या खाटेवरच रुतला होता, आणि त्याला मागं ओढावं लागलं होतं. धम्मदीपसोबत आत जायला हलकं कुणीतरी हवं होतं.

धम्मदीपनं अस्मिताकडे पाहिलं. "वजन किती तुमचं?"

"हे विचारून कोणाचं भलं झालं नाई आजवर."

"तरी?"

"तुमच्यापेक्षा कमी. आणखी विचारसान तर दार घेऊन वापस जाईन."

तो गंभीर झाला. "ऐका. गुंगीचं इंजेक्शन देता येत नाई. मान टाकली का राखेतच नाक बुडते. यंत्रानं ओढलं का पाय उखडते. हातानंच काढायची. अन् जवळ गेल्यावर बोलायचं नाई."

"हळू बी?"

"शब्द नाई. माणसाचा आवाज तिच्यासाठी वाघ हाय. अंगावर ओरखडा नसते, अन् भीतीनंच मरते. कधी जाग्यावर, कधी दोन दिवसांनी." त्यानं उघडा पंजा वर केला. "हे म्हणजे ओढा." मग मूठ आवळली. "हे म्हणजे थांबा. मूठ दिसली का कोणी बी असो, काही बी होत असो, थांबायचं."

"तुम्हाले जमंल? बिनबोलता?" अस्मिता म्हणाली. "घरापासून तोंड बंद नाई झालं तुमचं."

"एरवी जमते," तो दोर कमरेला बांधत म्हणाला. "आज पाहू…"

तिचे गाल तापले. मे महिना होता, त्यामुळे ते निभावून गेलं.

मग राख सुरू झाली, आणि हसणं काठावरच राहिलं.

एकापुढे एक दारं, खाटा. दोघं पालथी, कोपरांवर सरकत. वरून ऊन, खालून आंबट-कोमट वास. अस्मिताच्या गालाखाली तिचंच दार होतं. दिवाळीत आईनं चिकटवलेली लक्ष्मीची पावलं अर्धी निघालेली, बाबांनी ठोकलेला कडीचा खिळा. घरात शिरणारी पावलं, आणि ती इथं चालली होती कुठं… तिनं तो विचार तिथंच ठेवला.

रोही मादी होती. पाठीचा कणा, मान आणि डोकं, एवढीच उरलेली. पापण्यांवर राख बसली होती. ती हलत नव्हती, फक्त कान फिरत होते. एक त्याच्याकडे, एक हिच्याकडे.

धम्मदीपनं खुणावलं. अस्मितानं गळ्यातली ओढणी काढली आणि रोहीच्या डोळ्यांवरून गुंडाळली. तो खांद्यापर्यंत हात चिखलात घालून पोटाखालून पट्टा सरकवू लागला. गाल राखेला टेकलेला, डोळे मिटलेले, दात आवळलेले.

आणि तेव्हा अस्मिताचं चुकलं.

गोठ्यात वाढलेली पोर. अडलेल्या जनावरापाशी हात आपोआप मानेवर जातो, आणि तोंडातून आपोआप ते निघतं. तिनं मान थोपटली. "उगी माय… उगी…"

रोही शांत झाली. कानसुद्धा थांबले. अस्मिताला बरं वाटलं, थोडा अभिमानही वाटला, आणि तो दाखवायला तिनं वर पाहिलं. धम्मदीपचा चेहरा राखेहून पांढरा पडला होता.

ओरडता तर येत नव्हतं. त्यानं हळूच हात लांबवला, तिचा हात रोहीच्या मानेवरून उचलला, दाराच्या फळीवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. मग तिच्या दुसऱ्या हाताचं बोट धरून पट्ट्याला लावलं. पट्ट्यातून रोहीचं काळीज लागत होतं. ठोके इतके दाट, की एकामागून दुसरा वेगळा निघत नव्हता. शांत झाली नव्हती ती. भीतीनं गोठली होती.

अस्मितानं ओठ दातांखाली धरले. त्याचा हात तिच्या हातावर होता तसाच होता… गरजेपेक्षा एखादा क्षण जास्त.

पंजा वर. काठावरचे ओढू लागले. मूठ. थांबले. पंजा. मूठ. वीतभर वर, बोटभर खाली. सूर्य डोक्यावरून सरकला. रोहीचे खांदे मोकळे झाले, मग पोट, आणि त्याच झटक्यात दार तिरपं झालं. अस्मिताचा पाय पापुद्रा फोडून मांडीपर्यंत गेला.

खाली काहीच नव्हतं. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं. मऊ, कोमट, आणि हळूच आत ओढणारं. म्हणजे बाबांना हे असं… तिचं तोंड उघडलं, आणि आवाज तिनं नरड्यातच धरला. बाबा ओरडले असतील का, हे तीन वर्षं तिच्या डोक्यात घोळत होतं. आज वाटलं, नसतील ओरडले. म्हैस बुजली असती.

मूठ वर गेली. सगळा दोर थांबला. धम्मदीप रोहीला तशी अर्ध्यावर सोडून सरकत आला, तिच्या दंडाला धरून तिला इंच इंच वर घेऊ लागला. तोंडातून शब्द नाही. फक्त डोळे, एवढ्या जवळ, की त्याच्या भुवईवरची राख तिला मोजता आली असती. पाय निघाला. चप्पल तिथंच राहिली. मग पंजा पुन्हा वर.

रोही निघाली. बाभळीच्या सावलीत तिच्यावर ओली पोती टाकली, पट्टा सोडला, डोळ्यांवरची ओढणी काढली आणि सगळे पाठ फिरवून लांब गेले. बऱ्याच वेळानं ती उठली. थरथरत उभी राहिली, आणि झुडपांत गेली. रविंद्रनं मूठ वर धरली होती, तरी कुणीतरी शिट्टी मारलीच. फोटोही निघाले.

दोघं बंधाऱ्याच्या उतारावर बसली. आता बोलायची मुभा होती.

"जगंल?" अस्मितानं विचारलं.

"माहीत नाई."

"मी हात लावला म्हणून…"

त्यानं झुडपांकडे पाहिलं. मग म्हणाला, "थोडं त्यानं असंल. थोडं उन्हानं. जास्त राखेनं."

नाही, तुमची चूक नाही, असं तो म्हणाला नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता. उलट तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाशी तरी बोलावंसं वाटलं.

"बाबाले गाडीत टाकून कामठीले दवाखान्यात नेलं न," ती म्हणाली, "तर रस्ताभर सगळे मले सांगत होते, श्वास चालू हाय, श्वास चालू हाय. मी त्यायचा हात चोळत बसली. श्वास इथंच, काठावर संपला होता. सगळ्यायले माहीत होतं." तिनं पायाची राख खरवडली. "हिचं जे होईन ते मले खरं सांगसान?"

"वाईट असंल तरी?"

"चांगलं सांगाले तर अख्खं गाव हाय."

"सांगीन," तो म्हणाला.

दाराची एक फळी तडकली होती. दुरुस्त करून आणतो म्हणून तो दार घेऊन गेला, आणि दाराच्या जागी कौशल्याबाईनं जुनी चादर टांगली. गावातल्या फोनांवर 'रोहीला जीवदान' फिरत होतं. फोटोत तेल लावलेल्या केसांची अस्मिता कोपऱ्यात स्पष्ट दिसत होती. वाऱ्यानं चादर हलली की ती उगाच वर पाही. भाऊ म्हणणं आपण कधी सोडलं, ते काही तिला आठवेना.

मग एका दुपारी रस्त्यावर छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. मागं दार उभं बांधलेलं. धम्मदीप उतरला, आज अंगभर एकाच रंगाचा, आणि त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

"नाल्यापाशी," तो म्हणाला. "सकाळी रविंद्रभाऊले दिसली. बसलेलीच होती. उठली नाई."

"फोन करता आला असता…"

"खोटं सांगाचं असतं तर फोनवरच भागलं असतं."

अस्मितानं चादर तोंडाशी धरली आणि रडली. रोहीसाठी, चपलेसाठी, गाडीतल्या त्या हातासाठी. तो जवळ आला नाही. उगी म्हणाला नाही. भर उन्हात, हाताच्या अंतरावर, ती थांबेपर्यंत नुसता उभा राहिला.

नंतर दोघांनी दार बसवलं. तिनं उचलून धरलं, तो बिजागऱ्यांत खिळे घालत होता. थोडं वर, पंजा. बस, मूठ. ओट्यावरून कौशल्याबाई हे मुकं काम पाहत होती.

"अन् माझी ओढणी?" अस्मितानं नाक पुसत विचारलं.

"ती… धुतली. वाळली नाई अजून."

"मे महिन्यात? नागपुरात?"

त्यानं खिळा इतका नीट न्याहाळला, जणू खिळा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

कौशल्याबाई उठली. "च्या घेशीन का गा? दुधाचा का काळा?"

"तुम्ही घेता तो, मावशी."

त्याला काहीच माहीत नव्हतं. पण काळ्या चहाचे तीन कप बाहेर आले, तेव्हा एरवी आल्यागेल्याला आधी आडनाव विचारणारी कौशल्याबाई त्याला विचारत होती, साखर पुरली का.

चहा संपला. थांबायला कारण उरलं नाही. दार लागत होतं, उघडत होतं. तडकलेल्या जागी नवी पट्टी होती, आणि लक्ष्मीची पावलं सुताराच्या हातून पार निघून गेली होती. "येतो मावशी," तो म्हणाला. अस्मितासमोर त्यानं उगाच एकदा बिजागरी हलवून पाहिली. गाडीत बसला, गाडी सुरू केली.

अस्मिता उंबऱ्यात उभी. आई पाठीमागं, त्यामुळे हाक मारायची सोय नाही. गाडीचं चाक फिरलं.

तिनं हात वर केला. मूठ आवळली.

आरशात त्यानं पाहिलं असावं. कारण गाडी थांबली, आणि मग हळूच, किल्ली फिरून इंजिन बंद झालं.