दोन भुवयांच्या मध्ये

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण हे घडलं आहे. दर्शना माझी मावसबहीण, भांडुपच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. महिना गेल्या वर्षीचा मे. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

त्या आयसीयूत एक नवा प्रयोग चालू होता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला झोपेचं औषध कमी लागावं म्हणून अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू दाबायचे. एक मनगटाच्या आतल्या बाजूला, एक दोन भुवयांच्या मध्ये. सुया डॉक्टर लावत. अंगठ्याने दाबायचं काम नर्सचं.

"पेशंट घाबरला तरच दाबायचं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "त्याला काही सांगायचं असेल तर आधी ते समजून घ्यायचं."

दर्शनाचा अंगठा अचूक बसायचा. मग तिने तो आपल्या सोयीने वापरायला सुरुवात केली. भेटीची वेळ जवळ आली की ती पेशंटला झोपवून टाकायची. पेशंट शांत दिसला की नातेवाईक डोकं खात नाहीत, एवढंच.

तिच्याकडे कृष्णाबाई नावाची पेशंट होती. गोराईची कोळीण, जन्मभर सुकी मासळी विकलेली. कपाळावर हिरवं गोंदण, नेमकं त्या बिंदूवर. घशात नळी, म्हणून आवाज नाही. पण दुपार झाली की ती दाराकडे बघायची, हाताने काहीतरी खुणा करायची. मुलगा येणार हे तिला कळायचं.

दर्शना गोंदणावर अंगठा ठेवायची.

कृष्णाबाई मान हलवायची... नको, नको.

दर्शना जोर लावायची.

मग चंदर यायचा. खाडी ओलांडून, घामाघूम.

"बाय, आयशीनं डोळे उघडले का गो?"

"आत्ताच झोपल्या. उद्या या."

रोज हेच. शेवटच्या दिवशी कृष्णाबाईने दर्शनाचं मनगट घट्ट धरलं. रडत होती. दर्शनाने एकेक बोट सोडवलं आणि अंगठा दाबला. चंदर आईचा हात धरून बसला आणि निघून गेला. तो परतीच्या बोटीत असतानाच कृष्णाबाई गेली.

दर्शनाला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. तिने चादर बदलली आणि चहा प्यायला गेली.

पावसाळ्यात दर्शनाची आई, माझी द्रौपदीमावशी, न्यूमोनियाने त्याच आयसीयूत आली. शुद्धीत नव्हती, पण वाचली. नळी निघाली, घरी आणली. मुलाशी, प्रितमशी, हसून बोलायला लागली.

दर्शना ड्युटीवरून आली. मावशीने तिच्याकडे बघितलं.

"दर्शू..."

आणि मावशीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये... खड्डा पडला.

कोणी अंगठा रोवावा तसा.

घरात सुक्या बोंबलाचा वास सुटला. मावशीने मान हलवली... नको, नको. आणि डोळे मिटले.

दर्शना बाहेर गेली की मावशी जागी. आत आली की झोप. फोन केला तरी तेच, हातातून फोन गळून पडायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

शेवटी दर्शना गोराईला गेली. चंदरच्या पाया पडली, सगळं सांगितलं. तो जाळं शिवत ऐकत राहिला.

"आयस मला काय सांगनार होती, तेवढं सांग."

ते तिला ठाऊक नव्हतं. चंदर उठून घरात गेला.

इकडे मावशी मला विचारते, "दर्शू का येत नाही गं? माझं काय चुकलं?"

आता प्रितमनेच दर्शनाला घरात यायला बंदी केली आहे. "तू येऊ नको ना, ताई. एखाद्या दिवशी आई उठलीच नाही तर?" त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. दर्शना मैत्रिणीकडे राहते. पण रोज दुपारी, भेटीच्या वेळेला, जिन्यापर्यंत येते.

गेल्या रविवारी मी आत होते. बाहेर चपला वाजल्या... दारापाशी थांबल्या. मावशीने उशीवरून मान उचलली.

"कोण आलंय रे?"

बोंबलाचा वास यायला लागला होता...

प्रितम उठला. त्याने दाराला कडी घातली.

"कोणी नाही गं, आई."