सर्व्हरखोलीतली तिसरी वाट

रविवारची दुपार होती आणि काम म्हणाल तर अगदी किरकोळ. वर्षातून एकदा एक स्विच मुद्दाम बंद करायचा आणि दुसरा सगळा भार उचलतो की नाही ते पाहायचं.

हॉस्पिटलच्या सर्व्हरखोलीची मांडणी दादाची. एकीकडे सर्व्हर, दुसरीकडे सगळ्यांची माहिती ठेवणारं एकच स्टोरेज, मधे माहितीची ने-आण करणारी दोन यंत्रं, म्हणजे स्विच. म्हणजे प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा. एक गेली तर दुसरी. दादा खिशात पेनंही दोन ठेवायचा, चष्मेही दोन. लग्न तेवढं एकही केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची खुर्ची धाकट्या बहिणीकडे आली.

तिने पहिल्या स्विचच्या बोर्डाचं बटण बंद केलं. पंखे थांबले. दोन्ही स्विचचे.

खोलीत एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत कुठूनसा दादाच्या बामचा वास...

तिने वाकून पाहिलं. दुसऱ्याचा प्लगही त्याच बोर्डावर होता. गेल्या महिन्यात साफसफाईच्या वेळी "उद्या हलवू" म्हणत तिनेच लावलेला. दादाने कान उपटले असते. तिने घाईघाईने प्लग पलीकडच्या बोर्डावर लावला, पहिल्या बोर्डाचं बटणही पुन्हा दाबलं. पण स्विच जागे व्हायला पाच मिनिटं घेतात, आणि वर अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण होते. त्यांच्या औषधांचे पंप डोस विचारतात ते याच स्टोरेजला.

तिने वर फोन लावला. उचलला महिन्याभरापूर्वीच रुजू झालेल्या सिस्टरांनी.

"सिस्टर, पंप..."

"चालू आहेत की. का हो?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. पहिली वाट बंद. दुसरी वाट बंद. तिसरी वाट चालू.

तिसरी वाट कुणी घातलीच नव्हती. फोन कानाला धरूनच ती रॅकमागे गेली, केबल बोटाने मोजल्या. प्रत्येक सर्व्हरला दोनच.

"तुम्ही घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या. "तुमचे दादा दुसऱ्या लाईनवर आहेत. म्हणाले, धाकटीकडून चूक झालीय, तिला कुणी ओरडू नका. तोवर मी धरून ठेवतो."

तिच्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं.

एक स्विच लागला, मग दुसरा. दोन्ही वाटा हिरव्या झाल्या. तिसरीही हिरवीच राहिली.

"ताई..." सिस्टरांचा आवाज आता दबला होता. "ते अजून लाईनवरच आहेत. फार दमल्यासारखे वाटतायत... विचारतायत, आता सोडू का?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.