वाढीचं कारण

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई काचसामान आवरायला प्रयोगशाळेत गेल्या, तर आत त्यांच्याच वर्गातली बारा मुलं बसलेली. समोर भाषेचे नवे सर... आणि त्यांच्या हातात बाईंचीच जुनी प्रश्नपत्रिका.

"ही कुणी पळवली?"

"मी," सर उठून उभे राहिले. "यांना उत्तरं येतात, बाई. प्रश्न वाचता येत नाहीत. तुमची वाक्यं जरा... लांब असतात."

"अचूक असतात."

"अचूक आणि लांब."

मुलं खुसखुसली. बाईंनाही हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी उगाच कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईही सुट्टीत तिथेच डबा आणू लागल्या. सर प्रश्न वाचून घेत, बाई उत्तर उलगडत. सरांच्या बाहीला नेहमी खडूची पूड असे. ती झटकायला बाईंचा हात पुढे होई—आणि अर्ध्यावरून मागे येई. सर बघून न बघितल्यासारखं करत.

त्या वर्षी सरकारी शाळांसाठी नवी योजना आली होती. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीच्या दरम्यान ज्याच्या विषयात मुलांचे गुण सर्वांत जास्त वाढतील, त्या शिक्षकाला पगारावर बक्षीस. शाळेची यादी लागली तेव्हा बाई पहिल्या होत्या. सर शेवटचे. पहिल्याच चाचणीत त्यांनी इतक्या सढळ हाताने गुण वाटले होते, की पुढे वाढायला जागाच उरली नव्हती.

"शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना रडवायचं का?" ते म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत ते एकटेच बसले होते, समोर बदलीचा अर्ज. "पण आता रोज कुठल्या तोंडाने यायचं इथे?"

बाईंनी बक्षिसाचा फॉर्म सरांपुढे ठेवला. 'वाढीचे कारण' या रकान्यात सरांचं नाव होतं.

"मोठ्या बाईंनी बजावलंय," त्या म्हणाल्या, "दोन नावं लिहिली तर बक्षीस निम्मं होईल."

"मग खोडा की. वेड लागलंय का तुम्हाला?"

"सहा वर्षं तेच धडे, तीच प्रयोगशाळा, शिकवणारी मीच. निकालही तोच. यंदा एकच गोष्ट बदलली, सर. मी दुसरं काय लिहू?"

सरांनी फॉर्म जवळ ओढून आपलं नाव पुन्हा वाचलं.

"म्हणजे आभार मानताय... की—"

"आभार तर आहेतच. जन्मभर राहतील." बाईंचे कान तापले होते. "बाकीचं त्या रकान्यात मावलं नाही."

"मग तोंडी सांगा."

"आधी तो अर्ज..."

सरांनी अर्जाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"बसा," ते म्हणाले. "मला आता कुठेच जायचं नाहीये."