पुसलेली कुजबुज

"जपून! पुढची पायरी तुटलीय."

एवढंच बोलला तो, तेही मागे वळून न बघता. स्टुडिओच्या जिन्यातला दिवा गेला होता, बाहेर पाऊस लागला होता आणि ती ओली छत्री सावरत चढत होती. पण ते ऐकलं आणि तिचा पाय जागीच थिजला. हा आवाज! अहो, हा तर तिच्या कानातला आवाज!

आता ही काय भानगड, ते सांगायला हवं. कॉलेजात असताना तिनं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हापासून कुणीतरी तिच्या कानाशी कुजबुजायचं. ओळ यायच्या जरा आधी, हळूच. पहिल्या नाटकात तो आवाज होता, पहिल्या सिनेमात होता, तिला घराघरांत पोचवणाऱ्या मालिकेतही होता. सुरुवातीला तिची बोबडी वळली. मग सवय झाली, आणि मग... जीवच जडला. हे फक्त ताईला ठाऊक होतं. "चांगली चांगली स्थळं नाकारतेस," ताई म्हणायची, "आणि जो दिसतसुद्धा नाही त्याच्यावर मरतेस! धन्य आहे बाई तुझी."

पण या आठवड्यात विपरीत घडलं. आधी ते पहिलं गाणं डोक्यातून साफ गेलं, मग नाटकातलं स्वगत. किती घोकलं तरी शब्द टिकेनात. आणि उद्या तिच्या कारकिर्दीचा गौरव, टीव्हीवर थेट! दोन्ही सादर करायचं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. निदान मूळ रेकॉर्डिंग ऐकावं म्हणून ती आली होती.

वर रेकॉर्डिंगच्या खोलीत पोचल्यावर कळलं, जिन्यातला माणूस इथला साउंड रेकॉर्डिस्ट होता. तिची जुनी रेकॉर्डिंग्ज उद्यासाठी स्वच्छ करायचं काम त्याच्याकडेच होतं.

"चार दिवस तुमच्याच सहवासात आहे," तो हसला. "तुम्हाला पत्ता नाही, एवढंच."

"काय काय झालं?" तिनं विचारलं.

"गाणं झालं, नाटक झालं. सिनेमा आणि मालिका बाकी. सगळीकडे मागे एक पुरुषी कुजबुज आहे हो! नाटकात प्रॉम्प्टर असेल म्हणा, पण गाण्यात? काढून टाकली."

गाणं आणि नाटक! नेमकं तेच तर तिच्या डोक्यातून गेलं होतं. "काढून... कुठे ठेवलीत?"

"ठेवतात होय? पुसली. आणि घाईत मूळ फाइलवरच सेव्ह केलं. ते मात्र चुकलं माझं."

"सिनेमा लावा. मोठ्यानं."

त्यानं लावला. तिचा संवाद यायच्या जरा आधी कुजबुज आली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. इतके दिवस त्यानं ती पुसायची म्हणून ऐकली होती, कुणाचा आवाज म्हणून नाही.

"हा... मी आहे?"

"तुम्हीच."

"अहो, पण मी तेव्हा दुसऱ्याच गावात होतो! तुम्हाला ओळखतही नव्हतो!"

"मी तरी कुठे ओळखत होते?"

पंखा बंद होता, तरी दोघांच्या अंगावर काटा आला.

"परत बोला," ती म्हणाली. "तुम्ही पुसलंत, तुम्हीच भरा."

त्यानं काही न विचारता हेडफोन चढवला आणि माइक ओढला. आधी स्वगत लावलं, मग गाणं. प्रत्येक ओळीआधी तो कुजबुजत गेला, आणि शब्द एकेक करून तिच्या ओठांवर परत यायला लागले. तिला रडू आवरेना.

"संपलं गाणं," तो म्हणाला.

"अजून एक वाक्य होतं. गाणं संपल्यावरचं, गाण्यातलं नव्हतं ते."

"कुठलं?"

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्हाला सुचलं तरच खरं."

त्यानं गाण्याचा शेवट पुन्हा लावला. मग माइकवर वाकला आणि लाजतच म्हणाला, "मला यायला उशीर होईल... थांबशील?"

तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत. पण हेडफोनमध्ये, गाणं संपल्यानंतरच्या त्या जुन्या शांततेत, तिचाच कॉलेजातला कोवळा आवाज स्पष्ट म्हणाला, "थांबेन."

त्यानं हेडफोन काढला. "थांबलीस?"

"गाणं काय, नाटक काय, सिनेमा काय," ती डोळे पुसत हसली, "एवढी वर्षं दुसरं काय करत होते मी?"