जुळणी

सातवी ‘ब’च्या चित्रकलेच्या तासाला आता कुणी कुणाच्या कागदात डोकावत नसे. प्रत्येकाच्या कपाळावर करडी चित्रपट्टी, पुढ्यात कागद, आणि भिंतीवरच्या पडद्यावर नावापुढे उमटणारा आकडा. रंग कालवून दाखवायचे दिवस सरले होते. कुणाची पट्टी सरकली तर ती नीट बसवायची, एवढंच काम भंगाळेबाईंना उरलं होतं.

चारुशीला भंगाळे अमळनेरच्या या शाळेत कित्येक वर्षं चित्रकला शिकवत होत्या. पट्टी आली तेव्हा त्यांनीच हौसेने पालकांना समजावलं होतं. डोळे मिटून आंबा आठवला, की खरा आंबा बघताना मेंदूच्या मागच्या भागात जी हालचाल होते तशीच, जरा मंद, हालचाल होते. पट्टी ती टिपते आणि तिचं चित्र करते. ते मनचित्र. कागदावरचं चित्र त्या मनचित्राच्या जितकं जवळ, तितकी मुलाची जुळणी. आणि जुळणी हेच गुण. शेजारच्याशी तुलना नाही, बाईंची मर्जी नाही. मुलाला त्याच्याच अपेक्षेने मोजायचं. याहून न्याय्य ते काय असणार?

मग पहिल्याच वर्षी, पाचवीत असताना, हर्षाली माळीने नदी काढली.

कागदावर निळे-तपकिरी फराटे होते आणि मधे लांबुळकी म्हैस. जुळणी अठ्ठावीस. खाली शेरा उमटला, ‘अपेक्षेपेक्षा फार कमी’.

“बाई, बोरीला पूर आलाय,” पोर हुंदके देत सांगू लागली. “आणि पाण्याच्या खालून आभाळ वाहतंय. म्हशी पोहतायत, त्यांच्या पाठीवर गाव वसलंय, चुली पेटल्यात. मला सगळं दिसतं, पण हात ऐकतच नाही.”

“ऐकेल गं. हाताला वेळ लागतो.”

पण वेळ द्यायला कोण तयार होतं? पुढच्या वर्षीची तुकडी जुळणीवर ठरायची. हर्षालीचे वडील, भास्कर माळी, टेम्पो चालवायचे. “बाई, माझी पोर काय बाकीच्यांपेक्षा ढ आहे का?” असं विचारून गेले, आणि त्यांनी तिला बाजारपेठेतल्या एका शिकवणीत घातलं. अशा शिकवण्या आता गावोगाव निघाल्या होत्या. तिथे एकच धडा घोटून घेत: हाताला जमेल तेवढंच डोक्यात आणायचं.

सातवीत, दिवाळीनंतर हर्षालीने मडकं काढलं. साधं, नीटस मडकं. जुळणी सत्त्याण्णव. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र ती नदी आठवली.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी नाशिकची गाडी धरली. चित्रपट्टीचे जनक डॉ. सुनंदन खैरनार यांची प्रयोगशाळा तिथे होती. शाळेला फक्त आकडे कळवत. मनचित्रं इथेच साठत. खैरनारांनी अगत्याने चहा मागवला.

“मला चित्रं दाखवा,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गाची. पहिल्या वर्षीची आणि आत्ताची.”

खैरनारांनी आपला कप बाजूला ठेवला. मग त्यांनी चित्रं पडद्यावर लावली.

पहिल्या वर्षीची मनचित्रं बघताना बाईंना एका जागी बसवेना. हत्तीच्या पोटातली जत्रा. आईच्या पदरात मावलेला अख्खा डोंगर. हर्षालीची नदी तर पडद्याबाहेर सांडते की काय, अशी होती. मग या वर्षीची आली. मडकं. झेंडा. घर, दोन खिडक्या. मडकं. मडकं.

“बघा, अंतर मिटलंय,” खैरनार हलक्या आवाजात म्हणाले. “सगळ्या राज्यात.”

“हात वर गेले नाहीत, साहेब. मनं खाली आली!”

“बाई, मी चौथीत असताना सरांनी माझं चित्र वर्गापुढे धरलं होतं. अख्खा वर्ग हसला. पुन्हा कुठल्या पोरावर तशी वेळ येऊ नये, म्हणून मी हे केलं.”

“तुमचं हसं झालं, पण मनातलं चित्र तुमच्याकडेच राहिलं ना? या लेकरांचं तेही काढून घेतलंत!” बाईंचा आवाज चढला. “हे तुम्हाला दिसलं कधी?”

“गेल्या वर्षी.”

“आणि गप्प बसलात?”

“निकालावर सगळेच खूश होते. एकही तक्रार आली नाही.”

“कशी येईल? आपलं काही गेलंय हे ज्याला कळतं, तो तक्रार करतो!”

चहाला हात न लावता त्या उठल्या. सोमवारी त्यांनी सगळ्या पट्ट्या गोळा करून कपाटात कोंडल्या. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, “बाई, नोकरीवर पाणी सोडायचंय का?” बाईंनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

“आज गुण नाहीत,” त्यांनी मुलांना सांगितलं. “काढूही नका. नुसते डोळे मिटा आणि नदी बघा.”

मुलं गोंधळली, पण त्यांनी डोळे मिटले. बाई हर्षालीच्या बाकापाशी उकिडव्या बसल्या.

“काय दिसतं, बाळा?”

“पाणी.”

“आणखी?”

हर्षालीच्या कपाळावर बारीक आठी पडली. मग तिने डोळे उघडले आणि मोकळेपणाने हसली.

“काहीच येत नाही आता. आधी झोपतानासुद्धा यायचं, बाई, आवरता आवरायचं नाही. सत्त्याण्णव आले म्हणून बाबांनी परवा पेढे वाटले.”