तुळसाचा डावा खांदा

"पाडलंस गो माका! मुद्दाम पाडलंस!"

काशीबाईंची किंकाळी माजघरातून थेट खाडीपर्यंत गेली असेल... आणि त्यांची सून तुळसा मात्र जमिनीवर पडलेल्या सासूजवळ गुडघे टेकून, उजव्या हाताने त्यांना सावरू पाहत, डावा हात छातीशी घट्ट आवळून बसली होती. काखेत हात घालून त्यांना खाटेवरून उठवताना तिच्या डाव्या खांद्यातून अशी जीवघेणी कळ निघाली होती, की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पकड सुटली!

"आई, लागला काय तुमका? माझो हात..."

"हाताक काय धाड भरली? तुझा मनच नाय! मी मरूची वाट बघतंस तू!"



तीन वर्षांपूर्वी काशीबाईंचे गुडघे सुजले. पाऊल टाकलं की प्राण कंठाशी येत. आरोंदा गावात जो तो म्हणे, अजिबात हलवू नका, दुखणं वाढेल. म्हणून त्या खाटेवर निजल्या त्या निजल्याच. तेव्हापासून त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, मागीलदारी नेणं... सारं एकट्या तुळसाच्या अंगावर. नवरा परशुराम मुंबईच्या गोदीत कामाला, नणंद सुशीला रत्नागिरीला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती.

यंदाच्या भातकापणीपासून तुळसाचा डावा खांदा धरला. आधी नुसता दुखे, मग आखडला, मग हात छातीच्या वर जाईना. सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण मागे एकदा ती तापाने फणफणली होती, तेव्हा काशीबाई म्हणाल्या होत्या, "तुका जमना नसात तर सुशीलाक परत आणतंय. चेडवाक शिकान काय करूचा आसा?" चौथीतून शाळा सुटलेल्या तुळसाच्या काळजात मुलीच्या शिकण्यावरचं ते वाक्य रुतून बसलं. पोरीच्या परीक्षेला अवघे काही महिने उरले होते! ती वेदना गिळत राहिली...

आई पडल्याचं पत्र पोचताच परशुराम धावत आला. आईचं काळंनिळं कोपर पाहून त्याचा संताप अनावर झाला.

"विश्वासान आईक तुझ्याकडे ठेवलंय, आणि तू ह्या केलंस?"

तुळसाने मान खाली घातली. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. खांद्याच्या कळेपेक्षा ती अबोल उपेक्षा तिला असह्य झाली!

भाड्याच्या मोटारीने दोघांनी आईला सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना मुंबईहून व्यायामोपचार शिकून आलेल्या सावित्रीबाईंकडे पाठवलं. सावित्रीबाईंनी काशीबाईंचा पाय चाचपला आणि त्या गंभीर झाल्या.

"गुडघा झिजलाय, हे खरं. पण तुम्हाला खाटेला खिळवलं ते पडून राहण्यानं. मांडीचे स्नायू वापराविना वाळले." त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "आधी गरम पाण्याचा शेक. मग गुडघ्यानं ही गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, सोडायची. रोज सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखेल, त्याला घाबरायचं नाही. सूज वाढली तर मात्र थांबायचं." मग त्या तुळसाकडे वळल्या. "आता यांना उभं करून बघू. तुम्ही डावा हात यांच्या खांद्यामागून घाला."

तुळसाचा हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

"अजून वर... करा ना!"

तिने सारं बळ एकवटलं. हात तसाच राहिला, देह तेवढा वाकडा झाला, आणि ओठ चावूनही हुंदका बाहेर पडलाच!

"कधीपासून?"

"भातकापणीपासून..."

"म्हणजे पाच महिने! आणि या हातानं तुम्ही यांना उचलत होता?"

काशीबाई सुनेकडे पाहतच राहिल्या. "म्हणान तू केस बांधी नाय होतंस? आणि मी तुका आळशी म्हटलंय... बोललंस कित्या नाय गो?"

परशुरामचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजच सुशीलाक बोलावन घेतंय."

"नको!" तुळसा जवळजवळ किंचाळली. "दोन महिन्यांनी परीक्षा आसा तिची... तिका परत आणशात म्हणानच मी बोललंय नाय!"

परशुरामने सावित्रीबाईंना विचारलं, "हात बरा होईल ना, बाई?"

"फार उशीर झालाय. प्रयत्न करू. पण पूर्वीसारखा होईल, असं खोटं सांगणार नाही मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा सवयीने खाटेशी वाकली, तेव्हा काशीबाईंनी तिला थोपवलं. "सर बाजूक. आज माका उचलू नको." परशुरामच्या मनगटाला धरून, कण्हत, थरथरत त्या उठल्या... आणि एक क्षण उभ्या राहून, रडत पुन्हा बसल्या.

मग रोज दोघींचा तोच नेम. काशीबाई गुडघा दाबत आकडे मोजत. तुळसा ओणवी होऊन पाण्याने भरलेला तांब्या डाव्या हातात हलकेच झुलवी, आणि मग भिंतीवरून बोटं चालवत हात वर नेई. बोटं जिथं थांबत, तिथं परशुराम कोळशाची रेघ ओढी. काशीबाई काठीच्या आधाराने उठू लागल्या, तेव्हा मुंबईला परतण्यापूर्वी त्याने शेवटची रेघ ओढली आणि भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "माका क्षमा कर, तुळसा."

पुढे तुळसा स्वतःच रेघ ओढी. ती कानापर्यंत चढली, आणि तिथंच थांबली. आठवडे गेले, महिने गेले. सावित्रीबाईंनी एकदा हात तपासून नुसतं तिच्या पाठीवर थोपटलं. तुळसाला कळायचं ते कळलं.

आषाढात सुशीलाचं पत्र आलं. ती पास झाली होती, कुडाळच्या शाळेत तिला नोकरी लागली होती! तुळसाने अक्षरं लावत लावत ते मोठ्याने वाचून दाखवलं. काशीबाई काठी घेऊन उठल्या, आणि भिंतीला धरत, थांबत थांबत, तीन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेल्या.

"आई, खंय चाललात? दुखतला तुमका!"

"दुखांदे. तू बस पाटार."

त्यांनी उभ्यानेच पेज वाढली, कडेला लोणच्याची फोड ठेवली, आणि भिंतीला टेकत वाकून वाडगा सुनेपुढे ठेवला. पेज थोडी सांडली.

"जेव गो, बाय माझ्या..."

तुळसाने उजव्या हाताने वाडगा उचलला. सासूच्या हातचा पहिला घोट तिने सावकाश घेतला.