केर नावाची फाइल

जिरीच्या गळ्यातला करडा पट्टा सकाळी सहाला एकदा बारीक वाजायचा आणि चारुशीला भोइटेंच्या मोबाइलवर आदल्या दिवसाचा अहवाल यायचा. मांजरीचे श्वास किती, हृदयाचे ठोके किती, पाणी प्यायला किती वेळा उठली, सगळं. त्यांचे यजमान हणमंतराव चहा पिता पिता विचारायचे, "काय म्हणतेय आमची म्हातारी?" मग खाकी कपडे चढवून डेपोत जायचे. ते एसटीचे ड्रायव्हर. मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारी गाडी त्यांच्याकडे होती.

साताऱ्यातल्या निम्म्या मांजरांच्या गळ्यात तेव्हा असे पट्टे आले होते. पट्टा दुकानात मिळे, पण तो ज्या प्रणालीवर चाले ती 'मूकवाचा' कुणाच्या मालकीची नव्हती. देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती फावल्या वेळात लिहिली होती. कुणीही फुकट घ्यावी, तिचा कोड उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी. जिरीची मूत्रपिंडं दुबळी निघाली तेव्हा जनावरांच्या डॉक्टर कासारांनीच ती सुचवली होती. मांजर दुखणं शेवटपर्यंत लपवतं, असं ते म्हणाले होते.

चारुशीला मुलींच्या कॉलेजात संगणक शिकवत. अहवालात रोज दुपारी घोळ होतो हे त्यांना पहिल्याच महिन्यात दिसलं. मांजरीचं हृदय मिनिटाला दीडशेच्या वर धावतं, पण दुपारी मध्येच सत्तर-बहात्तर ठोके यायचे आणि धोक्याची सूचना वाजायची. कारण घरातच सापडलं. हणमंतराव सकाळची पाळी करून दिवाणावर आडवे झाले की जिरी त्यांच्या छातीवर चढून झोपे. पट्ट्यातला संवेदक दोघांचेही ठोके टिपत होता.

त्यांनी चार रविवार घालवून एक चाळणी लिहिली. माणसाचे ठोके ओळखून बाजूला काढायचे आणि वेगळ्या फाइलमध्ये टाकून द्यायचे. त्या फाइलचं नाव त्यांनी 'केर' ठेवलं. मूकवाचाचं मुख्य काम पाहणाऱ्या कालिकतच्या जोसेफने चाळणी तपासून मूळ प्रणालीत घेतली आणि जगभरच्या मांजरांचे अहवाल स्वच्छ झाले. हणमंतरावांनी डेपोत पेढे वाटले.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, केळघरच्या घाटात हणमंतरावांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. चौतीस प्रवाशांपैकी एकालाही खरचटलं नाही. ते स्वतः मात्र मेढ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. हृदयरोगाचे डॉक्टर आफळे नंतर म्हणाले की ठोके मध्येच थांबण्याचा हा विकार एका दिवसात होत नाही, तो महिनोन् महिने येऊन-जाऊन असतो. वार्षिक तपासणीतला कार्डिओग्राम अर्ध्या मिनिटाचा, त्यात तो सापडला नाही. घरात काही लक्षण दिसलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. अलीकडे दमायचे, एवढंच चारुशीलांना आठवलं.

जुलैत संगणकातली जागा भरत आली. नको असलेल्या फाइली पुसताना 'केर' पुढ्यात आली. पुसण्याआधी त्यांनी ती सहज उघडली.

दोन वर्षांच्या दुपारी त्यात ओळीने लावलेल्या होत्या. पहिल्या वर्षी सगळं नियमित. मग डिसेंबरात एक ठोका गळलेला, चार दिवसांनी दोन. जानेवारीत दोन सेकंदांची पोकळी, फेब्रुवारीत साडेतीन. एप्रिलमध्ये अशी एकही दुपार नव्हती, की ज्या दुपारी ते हृदय थबकून पुन्हा चाललं नव्हतं. त्याच वेळी चारुशीला बाजूच्या खोलीत बसून जिरीचे अहवाल वाचत होत्या.

कागद घेऊन त्या आफळ्यांकडे गेल्या. डॉक्टरांनी एकेक कागद तारखेनुसार लावून पाहिला. शेवटी म्हणाले, "फेब्रुवारीत हे कुणीही पाहिलं असतं तर पेसमेकर बसवला असता. ते आज गाडी चालवत नसते, पण असते."

चारुशीलांनी त्याच आठवड्यात मूकवाचाच्या मंडळींना पत्र लिहायला घेतलं. चाळणी ठोके टाकून देते ते चूक आहे, ते घरच्यांना दाखवले पाहिजेत. जुना संदर्भ शोधताना त्यांना प्रणालीच्या खुल्या पत्रव्यवहारात दीड वर्षापूर्वीचा एक प्रश्न सापडला. विचारणारा एका विमा कंपनीचा अभियंता होता. 'केर' फाइलमधल्या नोंदींची वेळ किती अचूक धरावी, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. खाली सविस्तर, उत्साहाने दिलेलं उत्तर त्यांचंच होतं. आपलं काम कुणीतरी बारकाईने वाचतंय याचा आनंद त्या उत्तरात दिसत होता.

जिरीचा विमा त्याच कंपनीकडे होता. दर महिन्याला पट्ट्याची सगळी नोंद, केरासकट, चारुशीला स्वतः पाठवत. हणमंतरावांचा आरोग्यविमाही तिथलाच. मार्चमध्ये कंपनीने कारण न देता त्याचं नूतनीकरण नाकारलं, तेव्हा दोघांनी दुसरी कंपनी बघू म्हणून विषय सोडला होता.

त्या पुण्याला कंपनीच्या कार्यालयात गेल्या. देवस्थळी नावाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि काहीच नाकारलं नाही.

"तुम्हाला मार्चमध्ये ठाऊक होतं," चारुशीला म्हणाल्या. "एक ओळ लिहायची होती."

"मॅडम, आम्ही निदान करत नाही. आम्हाला तो अधिकारच नाही. आम्ही फक्त जोखीम मोजतो." ते पुढे म्हणाले, "आणि वाचायची पद्धत सगळ्यांसाठी खुली होती. तुम्हीच ती खुली ठेवली होती."

जोसेफने मात्र चारुशीलांच्या पत्रातलं म्हणणं मान्य केलं नाही. त्याने हळहळ व्यक्त केली, पण लिहिलं की मांजराचा पट्टा माणसं वाचू लागला तर विमा कंपन्यांचा हा प्रकार घरोघर सुरू होईल. आपला कोड कुणी वापरावा हे आपण ठरवू शकत नाही. केर यापुढे साठवायचाच नाही, जागच्या जागी पुसून टाकायचा, असं मंडळींनी ठरवलं. तो बरोबर आहे हे चारुशीलांना कळत होतं. तरी त्यांनी मूकवाचाची आपली वेगळी आवृत्ती काढली. माणसाचं हृदय थबकलं तर ती घरच्यांना सांगत असे, आणि नोंद घराबाहेर जाऊ देत नसे. तिचाही कोड खुलाच होता. झाकलेल्या कोडवर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

दिवाळीनंतर जळगावहून वैशाली चौधरी या बाईंचं पत्र आलं. त्यांच्या सासऱ्यांचे गळणारे ठोके या आवृत्तीने पकडले होते, पेसमेकर बसला होता, म्हातारा पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात उभा होता. पुढे लिहिलं होतं की विमा कंपनीने आता हीच आवृत्ती थोडी बदलून घेतली आहे, नोंद थेट त्यांच्याकडे जाते, आणि मांजर असूनही तसा पट्टा घरात नसेल तर ते कुणाचाच विमा उतरवत नाहीत. सासऱ्यांचा विमा तर त्यांनी रद्दच केला. वैशालीताईंच्या नवऱ्याला हल्ली धाप लागते, आणि मांजर त्याच्याच कुशीत झोपतं.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, "ताई, मांजराचा पट्टा ठेवू की काढू?"

चारुशीलांनी उत्तर लिहायला घेतलं. "प्रिय वैशालीताई" एवढं लिहून झालं. पुढे काय लिहायचं?